किती वाजेपर्यंत बसता?

दक्षिण ऑकलंडमधल्या एका औषधाच्या दुकानात मी गेली बारा वर्षे फार्मासिस्ट म्हणून काम करतो. सकाळी दुकान उघडले की पहिल्या तासाभरात रात्रपाळी संपवून घरी निघालेले टोंगन, म्हणजे पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशातले, पुरुष येतात. कुणी विमानतळाजवळच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, कुणी शीतगृहात माल लावतो, कुणी रस्त्याच्या कामावर असतो. उंचपुरी, रुंद खांद्यांची ही माणसे बोलायला कमालीची हळू असतात. ‘मालो ए लेलेई’ (नमस्कार) म्हणून चिठ्ठी पुढे ठेवतात आणि नाव पुकारले जाईपर्यंत भिंतीकडेच्या खुर्चीत हात बांधून बसून राहतात. चिठ्ठीवरची औषधे मला आता पाठ झाली आहेत: मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबाची एखादी गोळी, आणि पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजवून माणसाला रात्रभर तळमळत ठेवणाऱ्या गाउटसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल. पॅसिफिक बेटांवरून आलेल्या पुरुषांत न्यूझीलंडमध्ये या गाउटचे प्रमाण फार मोठे आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी पन्नाशीतल्या एका गृहस्थांनी औषधे पिशवीत ठेवल्यावर जरा घुटमळत विचारले, की कोरड्या कातडीवर लावायला एखादे चांगले मलम आहे का. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) त्यांनी विजारीचा पाय वर सरकवला. आटलेल्या तळ्याच्या काठचा चिखल उन्हाने भेगाळतो आणि त्याच्या पापुद्र्यांच्या कडा वर वळतात, तशी त्यांच्या नडगीवरची कातडी झाली होती. हाताच्या पाठीवरही तेच खवले होते, आणि नख लागले तर त्यांचा पांढरा कोंडा काउंटरवर पडत होता. अठराव्या शतकात या बेटांवर गेलेल्या युरोपीय खलाशांनी नोंदवून ठेवलेले हे लक्षण मी पुस्तकात वाचले होते, प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहत होतो.

“तुम्ही कावा पिता का?” मी विचारले.

“पितो.”

“किती?”

ते थोडे हसले. “वाट्या कोण मोजतो?”

मी त्यांना सांगितले की कातडी सुधारायची असेल आणि यकृत सांभाळायचे असेल तर कावा पूर्ण बंद करा. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले, ‘मालो’ म्हणाले आणि मलमाचा डबा घेऊन गेले. माझे सांगणे शास्त्राला धरून होते. ते चुकीचे होते हे मला कळायला पुढे तीन महिने लागले.

कावा म्हणजे काय, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ती एका झुडपाची मुळी. टोंगामध्ये वावाउ, हापाई, एउआ आणि टोंगाटापू या बेटांवर ती लावतात, आणि तीन ते पाच वर्षे वाढू दिल्यावर उपटून, वाळवून, कुटून तिची पूड करतात. ही पूड थंड पाण्यात कालवून कापडातून पिळून गाळली की झाले पेय. ते आंबवलेले नसते, त्यात मद्यार्क नसतो. जिभेला आणि ओठांना बधिरपणा येतो, स्नायू सैलावतात, मनावरचा ताण उतरतो, आणि तरीही विचार बराच वेळ स्वच्छ राहतो. दारू प्यायलेल्या माणसासारखा आवाज चढत नाही, उलट खाली येतो. वनस्पतिशास्त्रात या झुडपाचे नाव पायपर मेथिस्टिकम, म्हणजे धुंदी आणणारी मिरी. कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेल्या गेओर्ग फॉर्स्टर या जर्मन निसर्गअभ्यासकाने ते दिले. मिरी हा शब्द त्याने अलंकार म्हणून वापरलेला नाही. आपली मिरवेल, आपली विड्याच्या पानाची नागवेल, आपली पिंपळी आणि हा कावा, सगळी एकाच कुळातली, पायपर या एकाच गटातली भाऊबंद झाडे आहेत.

कुडाळजवळच्या आमच्या घराच्या मागे पोफळींवर मिरवेली चढवलेल्या आहेत. फोनवर मी वडिलांना कावाबद्दल सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बागायतदाराचा होता: “बी धरते की छाट लावतात?” छाटच लावतात. लागवडीतल्या कावाला बी धरतच नाही. हजारो वर्षे माणसाने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर होडीतून फांदीचे तुकडे नेले म्हणूनच हे झाड पॅसिफिकभर पसरले, आणि माणसाने लावायचे सोडले तर ते संपेल. वडील क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे त्या झाडाक माणसाशिवाय दुसरा कोण नाय.” त्या वाक्याकडे मी तेव्हा फारसे लक्ष दिले नाही.

माझ्या मनात तेव्हा यकृत होते, आणि ते असण्याला कारण होते. गेल्या शतकाच्या शेवटी युरोपात कावाच्या अर्काच्या गोळ्या चिंतेवरचे नैसर्गिक औषध म्हणून खपत होत्या. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून यकृत निकामी झाल्याच्या बातम्या आल्या आणि २००२ साली जर्मनीने कावाच्या औषधांवर बंदी घातली. पाठोपाठ इतर देशांनीही दारे लावली आणि पॅसिफिकमधल्या छोट्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. पुढे या प्रकरणांचा खल झाला तेव्हा चित्र बरेच गुंतागुंतीचे निघाले. त्या गोळ्यांतला अर्क अ‍ॅसिटोनने किंवा अल्कोहोलने काढलेला होता, बेटांवर पितात तसा पाण्यातला नव्हता. रुग्णांपैकी अनेकजण यकृताला जड जाणारी दुसरी औषधे घेत होते. मुळीऐवजी खोडाची सालपटे वापरली गेल्याचा आणि बुरशीचाही संशय घेतला गेला. २०१४ साली जर्मन न्यायालयाने ती बंदी चुकीची ठरवली. पाण्यात कालवून पिणाऱ्यांपैकी जे फार पितात त्यांच्या रक्तात जीजीटी नावाचे यकृताचे विकर वाढलेले दिसते, हे खरे आहे. पिणे थांबवले की ते काही आठवड्यांत खाली येते आणि कातडीचे खवलेही हळूहळू झडून जातात. ज्यांचे यकृत आधीच दुखावलेले आहे, जे कावाच्या जोडीला दारू घेतात, किंवा ज्यांना यकृतातून निचरा होणारी औषधे चालू आहेत, त्यांनी मात्र जपूनच राहावे, हे मी आजही काउंटरवरून सांगतो. पण त्या सकाळी मी एवढ्यावर थांबलो नाही, आणि पुरेसे विचारलेही नाही.

तीन महिने त्या गृहस्थांचे पाऊल दुकानात पडले नाही. मग त्यांची पत्नी आली. हातात नवी चिठ्ठी होती: गाउटचा जोरदार झटका येऊन गेला होता. मी काही विचारण्याआधीच त्या बोलायला लागल्या. तुमचे ऐकून त्यांनी कालापू सोडला, म्हणाल्या. कालापू म्हणजे कावा पिणाऱ्यांचे मंडळ. इंग्रजीतला क्लब शब्द टोंगन तोंडात असा गोल झाला आहे. शुक्रवारी संध्याकाळी आंघोळ करून, कमरेला तूपेनू गुंडाळून जो माणूस बाहेर पडायचा तो आता सोफ्यावर फोन घेऊन बसतो. मग एक चुलत भाऊ बियरचा खोका घेऊन येऊ लागला. बियरने रक्तातले युरिक अ‍ॅसिड वाढते आणि गाउट उसळतो, हे मला शिकवायला नको होते. कावाच्या बैठकीत त्यांचे काही बिनसलेले दिसले असते तर चारजणांनी कारण विचारले असते. घरातल्या बियरला कुणी काही विचारत नाही.

“पूर्वी मी त्याच्याशी भांडायची,” त्या म्हणाल्या. “रात्री तीनला यायचा. मुले लहान असताना मी एकटीने सगळे केले. रविवारी चर्चमध्ये डुलक्या घ्यायचा. मी देवाला सांगायची, याचा कावा सुटू दे. आता सुटला, तर घरात त्याच्याशी टोंगन बोलायला मी एकटीच आहे. मुले इंग्रजीत उत्तर देतात. तो बोलतच नाही.” आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “त्याला परत जायला सांगा. फक्त अकरापर्यंत घरी यायला सांगा.”

मी आजवर आरोग्यशिक्षणाची बरीच व्याख्याने ऐकली आहेत, पण इतका नेमका सल्ला मला कुणी दिलेला नाही. मी मुळीचा विचार करत होतो. त्यांच्या मनात तास होते.

टोंगन माणूस कावा एकट्याने पीत नाही. म्हणजे पिऊ शकतो, पण मग त्याला फायकावा, म्हणजे गोलात बसून एकत्र कावा पिण्याची बैठक, म्हणत नाहीत, आणि फायकावा हीच खरी गोष्ट आहे. टोंगात राजाचा राज्याभिषेक तौमाफा कावा या विधीशिवाय पुरा होत नाही. २००८ साली पाचव्या तुपोउंचा आणि २०१५ साली सहाव्या तुपोउंचा अभिषेक असाच झाला. सरदाराला पदवी मिळते ती कावाच्या वाटीने, लग्नात कावा, मयताला कावा. त्याच्या उगमाची कथाही कुणाही टोंगन म्हाताऱ्याला विचारा, तो सांगेल. दुष्काळात तुई टोंगा, म्हणजे तेथला सार्वभौम राजा, एउएइकी या चिमुकल्या बेटावर अचानक येऊन उतरला. तिथे फेवांगा आणि फेफाफा हे जोडपे राहत होते. पाहुण्याला द्यायला घरात काहीच नव्हते, म्हणून त्यांनी कुष्ठरोगी असलेल्या आपल्या एकुलत्या एका मुलीला, कावाओनाउला, मारून भट्टीत घातले. राजाला ते कळले तेव्हा त्याने अन्नाला हात लावला नाही आणि मुलीला नीट पुरायला सांगितले. तिच्या डोक्याकडून एक झाड उगवले आणि पायांकडून दुसरे. एका उंदराने पहिले झाड कुरतडले आणि तो झोकांड्या देऊ लागला. मग त्याने दुसरे कुरतडले आणि सावरला. पहिला कावा, दुसरा ऊस. आपल्याकडच्या चिलया बाळाच्या कथेने ज्याच्या अंगावर लहानपणी काटा आला आहे, त्याला ही कथा परकी वाटणार नाही. ती ऐकल्यावर मला एवढे कळले की या लोकांच्या वाटीत एका घराने दिलेला जीव आहे, आणि मी काउंटरपलीकडून तिला ‘पदार्थ’ म्हणत होतो.

स्थलांतराने या वाटीवर आणखी ओझे टाकले. १९७०च्या दशकात कामगार हवे होते तोवर न्यूझीलंडने बेटांवरच्या माणसांना बोलावले, आणि मंदी आली तसे पहाटे त्यांच्या दारांवर पोलीस धाडले. डॉन रेड्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या धाडींबद्दल १ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी ऑकलंडमध्ये जाहीर माफी मागितली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्यासाठी चर्चच्या मागची खोली किंवा कुणाचे तरी गॅरेज ही आपली भाषा मोकळेपणाने बोलता येणारी जागा होती. आज टोंगाच्या साऱ्या बेटांवर मिळून माणसे लाखभर आहेत, आणि न्यूझीलंडमध्येही टोंगन वंशाचे जवळपास तेवढेच लोक झाले आहेत. यातले बरेचजण इथेच जन्मले. वडिलांच्या शेजारी मांडी घालून बसल्यावर त्यांना आपल्या गावाचे नाव, आपल्या सरदाराचे नाव, मोठ्यांशी बोलायची वेगळी शब्दसंपदा कानावर पडते. गावच्या शाळेला छप्पर हवे असेल, कुणाच्या अंत्यविधीचा खर्च असेल, तर पैसेही याच गोलात जमतात.

वहिनींचा (मी त्यांना मनातल्या मनात वहिनीच म्हणू लागलो होतो) निरोप मी त्या गृहस्थांना दिला, आणि माझ्या घाईबद्दल क्षमाही मागितली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मग तुम्ही एकदा येऊन बसा.”

मी गेलो. चर्चच्या आवारातली ती लांबट खोली होती, जमिनीवर विणलेल्या चटया, भिंतीवर राजाचे छायाचित्र, कोपऱ्यात खुर्च्यांची चळत. वीसेक पुरुष लांबट गोल करून बसले होते. एका टोकाला तानोआ, म्हणजे पायांचे रुंद लाकडी पात्र, आणि त्याच्यामागे वाढणारा. रीतीप्रमाणे तिथे तोउआ म्हणजे एखादी अविवाहित तरुणी बसते, पण गोलातल्या कुणाचीही ती बहीण लागता कामा नये, कारण टोंगन माणूस बहिणीसमोर थट्टामस्करी करत नाही. या गोलात सगळे एकमेकांच्या नात्यातले, म्हणून एक विशीतला मुलगा वाढत होता. त्याने पूड कापडाच्या पिशवीत घालून पाण्यात बुडवली आणि पिळायला लागला. ती पिळण्याची त्याची रीत मी बघतच राहिलो. तो घाई करत नव्हता. मनगट वळवून पिशवी मुठीत दाबायची, पाणी ओघळू द्यायचे, पुन्हा सैल सोडायची. नारळाचा रस काढताना माझी आई चव अशीच पिळायची. पाण्याचा रंग हळूहळू पहिल्या पावसातल्या वहाळासारखा गढूळ होत गेला.

करवंटीची वाटी, इपु, माझ्यापर्यंत आली. एका दमात प्यायची असते. चव मातीची, थोडी कडवट, आणि तिच्या तळाशी मिरीच्या वेलाचे मूळ खणताना येतो तो ओला, तिखटसर वास. क्षणभराने जीभ बधिर झाली. लहानपणी आम्ही शेताच्या बांधावरचे अक्कलकाढ्याचे पिवळे बोंड चावायचो, आणि जीभ चुरचुरून मग जड व्हायची, तसेच काहीसे. शेजारच्या म्हाताऱ्यांनी माझ्या तळहातावर लिमलेटच्या गोळ्यांसारख्या दोन गोळ्या ठेवल्या. कडूपणावर हा उतारा. गोलाच्या मध्ये अशा गोळ्यांची आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची ताटे ठेवलेली होती, आणि त्या रात्री मी मोजलेली एकमेव गोष्ट म्हणजे त्या गोळ्या. माझ्या डावीकडच्या, मेटफॉर्मिन घेणाऱ्या एका गृहस्थांनी दहा वाजेपर्यंत चौदा खाल्ल्या.

तोवर गिटार लागले होते. हिवा काकाला, म्हणजे सुगंधी फुलांची गाणी, हा टोंगन प्रेमगीतांचा प्रकार; त्यातली कितीतरी गाणी १९१८ ते १९६५ राज्य करणाऱ्या राणी सालोते तुपोउ यांनी स्वतः रचलेली आहेत. कुणीतरी पहिली ओळ एकट्याने धरतो, आणि मग सगळा गोल चार सुरांत तिच्यात शिरतो. एवढ्या दांडग्या माणसांचा आवाज एवढा खाली आणि एवढा मृदू लागू शकतो, हे मी तोवर ऐकले नव्हते. गाण्यांच्या मध्ये तालानोआ, म्हणजे बोलणे. एकाने सांगितले की गोदामात त्याचे तास कमी केले आहेत. दुसऱ्याने बापाच्या आजारपणाचे सांगितले. मध्येच एकजण डोळे पुसत होता आणि कुणी त्याच्याकडे वळून पाहिले नाही. वाटी मात्र त्याच्याकडे जरा लवकर फिरली. दुकानात ‘बाकी तब्येत ठीक ना?’ या माझ्या प्रश्नाला ‘ठीक’ एवढेच म्हणणारी हीच माणसे होती. आपल्या पुरुषांनाही दुखणे बोलायला कट्टा, पार किंवा भजनाची रात्र लागते, दवाखान्याची खुर्ची पुरत नाही.

आणि तरीही, मांडी घालून तिथे बसल्या बसल्याच मला नुकसान कुठे होते तेही दिसले. बैठक आठला सुरू झाली आणि दीडला मी निघालो तेव्हा कुणीही हललेले नव्हते. कावा उपाशीपोटी चांगला चढतो म्हणून अनेकजण संध्याकाळचे जेवत नाहीत. मग रात्री दोन-अडीचला घरी जाऊन भूक लागते, आणि झाकून ठेवलेले लू पुलू समोर येते: अळूच्या पानांत नारळाच्या दाट रसाबरोबर भाजलेले डबाबंद खारे बीफ. आपल्या अळूला आणि नारळाला दोष देण्याचे मला कारण नाही. पण त्या वेळी, त्या मिठासकट, मधुमेही माणसाने ते खाऊन लगेच आडवे होणे म्हणजे रक्तातल्या साखरेला मोकळे रान देणे आहे. इन्सुलिन घेणाऱ्याची गोष्ट उलट दिशेने अवघड होते, कारण तो टोचून घेतो आणि जेवत नाही. रात्रीची गोळी राहून जाते. सहा-सहा तास बसून पाय सुजतात. दर फेरीनंतर काहीजण बाहेर सिगारेटला उठतात. चार तासांच्या झोपेवर सकाळी सहाला फोर्कलिफ्टवर चढणाऱ्या माणसाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, आणि मध्यरात्री मोटार चालवत घरी जाणाऱ्याचीही.

यातले जवळपास काहीच मुळीत नाही. साखर गोळ्यांत आहे, मीठ ताटात आहे, थकवा घड्याळात आहे. तरीही डॉक्टरांची आणि आम्हा फार्मासिस्टांची चिठ्ठी मुळीवरच बोट ठेवते, कारण मुळी आम्हाला पुस्तकात सापडते. दुसऱ्या बाजूला, आमच्या पूर्वजांचे पेय आहे, त्याने काही होत नाही, असे म्हणणारेही मला त्या गोलात भेटले, आणि त्यांचेही मला पटले नाही. पूर्वजांनी बैठकी रोज रात्री मांडलेल्या नव्हत्या, त्यांना वाळलेली मुळी दगडावर कुटावी लागे, आणि सकाळी उठून शेतात आणि समुद्रावर राबायचे असे. आता पूड पाकिटात मिळते आणि आठवड्याच्या पाच रात्री कुठल्या ना कुठल्या गॅरेजात दिवा लागलेला असतो.

गोलाशिवाय कावा काय करतो याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमध्ये आदिवासी वस्त्यांत तो दारूला पर्याय म्हणून, चांगल्या हेतूने नेला गेला. तिथे त्याची कथा नव्हती, त्याचा शिष्टाचार नव्हता, कोण कधी थांबायचे ते सांगणारे थोरले नव्हते. काही वस्त्यांत लोक तो बेसुमार पिऊ लागले, वजने घटली, कातडी खवल्यांनी भरली, आणि तुटपुंजे पैसे पाकिटांवर जाऊ लागले. अखेर १९९८ साली सरकारला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पुढे २००७ पासून ऑस्ट्रेलियाने आयातच आवळली आणि प्रवाशाला सामानातून दोन किलो आणायची मुभा ठेवली, २०१९मध्ये ती चार किलो झाली, आणि २०२१च्या अखेरीस व्यापारी आयात पुन्हा सुरू झाली. या सगळ्या काळात न्यूझीलंडमध्ये कावा अन्न म्हणून खुलेपणाने विकला जात होता. कायद्यांची ही उघडझाप पाहताना मला माणसाशिवाय दुसरे कुणी नसलेल्या झाडाबद्दलचे वडिलांचे ते वाक्य आठवते.

१५ जानेवारी २०२२च्या शनिवारी संध्याकाळी हुंगा टोंगा–हुंगा हापाई हा समुद्रातला ज्वालामुखी फुटला. त्याचा आवाज न्यूझीलंडपर्यंत पोहोचला. समुद्रतळाची तार तुटली, आणि टोंगा जगापासून तोडला गेला. ती तार पूर्ववत व्हायला सुमारे पाच आठवडे गेले. त्या आठवड्यात दुकानात येणारा प्रत्येक टोंगन माणूस हातातल्या फोनकडे पाहत उभा असे. आई जिवंत आहे का हेच माहीत नसलेल्या माणसाला मी मेटफॉर्मिन जेवणानंतर घ्या असे सांगत होतो. त्या गृहस्थांनी नंतर सांगितले की त्या शनिवारी कालापूमध्ये माणसे बोलावल्याशिवाय जमली, पहाटेपर्यंत वाटी फिरली आणि रात्रभर गाणे झाले नाही. त्यांची बहीण हापाईला होती. ती सुखरूप असल्याचे त्यांना सहाव्या दिवशी कळले, तेही गोलातल्याच कुणाच्या तरी ओळखीतून. त्या रात्री तुम्ही अकराला उठायला हवे होते, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

आता मी ‘किती वाट्या?’ असे विचारत नाही. किती वाजेपर्यंत बसता, बसण्याआधी जेवता का, घरी गाडी कोण चालवते, आठवड्यात किती रात्री, आणि सोबत दारू असते का, एवढे विचारतो, आणि उत्तरे खरी येतात, कारण त्या प्रश्नांत बैठक सोडायची धमकी नसते. कातडीला खवले धरले तर महिनाभर वाटी पालथी घाला पण गोलात बसा, पाणी प्या, गाणे म्हणा, असे सांगतो. पहिल्यांदा हे सुचवले तेव्हा थोरल्यांना ते विचित्र वाटले; मग त्यांच्यातल्याच सर्वांत म्हाताऱ्याने स्वतः एक महिना पाण्याची वाटी घेतली, आणि विषय मिटला.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी साडेसातला, पिशवी भिजायच्या आधी, रक्तदाबाचे यंत्र आणि ग्लुकोमीटर घेऊन त्या खोलीत जातो. माणसे रांगेने बसून दंड पुढे करतात, एकमेकांचे आकडे मोठ्याने वाचतात, आणि ज्याचा आकडा जास्त त्याला सगळे मिळून रागावतात. आणखी दोन-तीन कालापूंत आरोग्यसेविका असेच काम करतात. मागच्या वेळी गोळ्यांच्या ताटाशेजारी कुणीतरी अननसाच्या फोडी आणि संत्री ठेवली होती. मधुमेह्यांसाठी फळेही हात राखूनच, हे मी सांगितले, पण ताटातल्या गोळ्या त्या रात्री निम्म्या उरल्या होत्या.

त्या गृहस्थांच्या नडगीची कातडी आता बरी आहे. बियरचा खोका घरात येत नाही. अकरा वाजता त्यांची थोरली मुलगी गाडी घेऊन येते, खोलीत शिरत नाही, बाहेरूनच दिवे दोनदा उघडझाप करते. मागच्या शुक्रवारी मी तिथे होतो. खिडकीवर उजेड पडला तेव्हा राणी सालोतेंचे एक गाणे नुकतेच सुरू झाले होते, आणि गाणे अर्धे टाकून उठणे रीतीला धरून नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले नाही. शेवटचा सूर खाली बसल्यावर ते गुडघ्यावर हात टेकून उठले, गोलाला मान लवून बाहेर गेले, आणि गाडीचे दार लागल्याचा आवाज आला. वहिनींना फोनवर सांगायचे म्हणून मी वेळ टिपून ठेवली: अकरा वाजून वीस मिनिटे.